‘एवढ्याशाने काय होतंय?’ : सिलिॲक असलेल्या घराचं स्वयंपाकघर

सिलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार. त्याचं निदान झालेल्या घराला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे ‘एवढ्याशाने काय होतंय?’ आत्या म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात, पंगतीत आग्रह करणारे व्याही म्हणतात. कोणाच्या मनात वाईट नसतं. आपल्याकडे पथ्य म्हणजे कमी खाणं, असाच हिशेब आहे. मधुमेह असला तर अर्धा पेढा, रक्तदाब असला तर लोणच्याची एकच फोड. मग गव्हाचं पथ्य असलं तर अर्धी पोळी का नको? आमच्या लेकीला हे दुखणं निघाल्यापासून या प्रश्नाचं उत्तर मी इतक्या जणांना तोंडी दिलंय, की आता एकदाच सविस्तर लिहून काढतो.

सुरुवात कणकेपासून करू. लिंबाएवढा कणकेचा गोळा मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग नळाच्या बारीक धारेखाली हातात चोळत राहा. आधी दुधट पांढरं पाणी निघतं, तो स्टार्च. पाणी नितळ यायला लागलं की हातात ओढला तर ताणणारा, सोडला तर आक्रसणारा एक चिवट, पिवळट करडा गोळा उरतो. हेच ग्लुटेन. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रकारची प्रथिनं असतात आणि पाणी घालून मळलं की त्यांचं जाळं तयार होतं. पोळी फुगते, पुरणपोळी पातळ लाटूनही फाटत नाही, मांडे हातावर पसरता येतात, ते या जाळ्याच्या जिवावर. जव म्हणजे बार्ली आणि राय या धान्यांतही याच कुळातली प्रथिनं आहेत. ज्वारी, बाजरी, नागली, तांदूळ, मका, वरई यांत ती नाहीत.

या प्रथिनांची रचनाच अशी आहे, की आपले पाचकरस त्यांचे पुरते तुकडे करू शकत नाहीत. हे तुमचं, माझं, सगळ्यांचंच. काही लांब तुकडे न पचता आतड्यात राहतात आणि बहुतेकांच्या शरीरातून काही कुरबूर न करता निघून जातात. पण काही लोकांच्या पेशींवर एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ अशी खूण असते. ही जन्मतः मिळते. अशा माणसाच्या आतड्याच्या अस्तरात हे तुकडे शिरले, की टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं शरीराचंच एक एन्झाइम त्यांच्यात थोडा बदल करतं आणि बदललेला तुकडा प्रतिकारशक्तीला शत्रू वाटायला लागतो. मग ती ग्लुटेनवर तर उठतेच, पण त्या एन्झाइमवर आणि आतड्याच्या अस्तरावरही उठते. म्हणून हा ऑटोइम्यून आजार. ‘गहू बाधतो’, ‘गहू पचत नाही’, ‘गव्हाची ॲलर्जी’ हे सगळे वेगळे प्रकार आहेत.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे अतिसूक्ष्म उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं, सगळं शोषून घ्यायचं काम त्यांचं. सिलिॲकमध्ये ते झिजत झिजत सपाट होतात. इगतपुरीकडे दिवाळीच्या सुमाराला भात कापल्यावर खाचरात नुसती खोडकं उरतात, तशी आतड्याची गत होते. मग ताट कितीही भरलेलं असो, अंगी काही लागत नाही. गंमत म्हणजे ही खूण असलेली माणसं खूप आहेत, लोकसंख्येच्या जवळजवळ तीस-चाळीस टक्के, आणि त्यातल्या थोड्यांनाच सिलिॲक होतो. एकाच घरात, एकाच ताटात जेवून एकाला होतो आणि दुसऱ्याला का होत नाही, याचं पूर्ण उत्तर विज्ञानाकडेही अजून नाही.

आता ‘एवढंसं’ म्हणजे किती?

एका मध्यम पोळीला तीसेक ग्रॅम कणीक लागते. तिच्यात ग्लुटेन साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे २५०० मिलिग्रॅम. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पथ्यावर असलेल्या सिलिॲक रुग्णांना त्यांनी तीन महिने रोज ठरावीक ग्लुटेनची कॅप्सूल दिली. रोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्यात पुन्हा नुकसान दिसलं. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे एका पोळीचे पन्नास तुकडे केले तर त्यातला एक. सर्वसाधारणपणे दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांना चालतं, असं मानतात. म्हणजे पोळीचे अडीचशे तुकडे केले तर त्यातला एक. तेवढा तुकडा बोटाच्या पेरावर ठेवला तर पोळीचा म्हणून ओळखूही येणार नाही.

बाजारातल्या ‘ग्लुटेन-फ्री’ शिक्क्याचा नियमही यावरूनच समजतो. भारतात एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार असा पदार्थ किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन बाळगू शकत नाही. पुड्यावर कधी ‘२० पीपीएम’ असं लिहिलेलं असतं ते हेच. असे पदार्थ दिवसभरात अर्धा किलो खाल्ले तरी आकडा १० मिलिग्रॅमपर्यंतच जातो.

दुसरी अडचण अशी, की एवढंसं खाल्ल्यावर बऱ्याच जणांना लगेच काही होत नाही. पोट दुखत नाही, जुलाब लागत नाहीत. मग समोरचा म्हणतो, ‘बघ, काही झालं का?’ आत मात्र प्रतिकारशक्ती जागी झालेली असते आणि ती शांत व्हायला आठवडे लागतात. महिन्यातून दोनदा असं ‘काही न झालेलं’ खाणं घडलं, तर आतडं भरून यायला उसंतच मिळत नाही. पुढे रक्त कमी राहतं, हाडं ठिसूळ होतात, मुलांची उंची खुंटते, बायकांना गर्भधारणेत अडचणी येतात. फार वर्षं दुर्लक्ष झालं तर आतड्याच्या एका प्रकारच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. तो विरळा असतो, त्यामुळे त्याचा बागुलबुवा करण्यात अर्थ नाही. पण लहान मुलाच्या बाबतीत खुंटलेली उंची पुरेशी गंभीर आहे.

केळी आणि दुष्काळ

गव्हावर संशय यायला जगाला फार उशीर लागला. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि बरं व्हायचं असेल तर ते आहारानेच होईल, असंही सांगितलं. पण आहारातलं नेमकं काय, ते त्यांना सापडलं नाही. अमेरिकेत सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांचा आहार पुढे आणला आणि त्याने मुलं खरंच सुधारली. जळगाव-रावेरच्या केळीवाल्यांना ऐकून बरं वाटेल, पण गुण केळ्याचा नव्हता; ताटातून ब्रेड गेला होता, त्याचा होता. श्रेय मात्र अनेक वर्षं केळ्याला मिळत राहिलं. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धात, तिथे भीषण उपासमार झाली. ब्रेड मिळेनासा झाला. सगळीकडे माणसं खंगत असताना सिलिॲकची मुलं मात्र सुधारली, आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी आपला प्रबंध लिहिला. तेव्हापासून आजपर्यंत उपचार तोच आहे. औषधांवर काम चालू आहे, पण पथ्याची जागा घेईल असं औषध अजून बाजारात आलेलं नाही. ‘आमच्याकडे सिलिॲक मुळापासून बरा होतो’ अशी पाटी कुठे दिसली तर पाकीट खिशातच ठेवा.

संशय कधी घ्यायचा

लहान मुलाला सारखे जुलाब, फुगलेलं पोट आणि काडीसारखे हातपाय, हे पुस्तकातलं चित्र. ते दिसलं तर डॉक्टर ओळखतातच. निसटतात ती वेगळी माणसं. लोहाच्या गोळ्या घेऊनही जिचं हिमोग्लोबिन वर सरकत नाही अशी बाई. वर्गात कायम पहिल्या रांगेत उभं केलं जाणारं मूल. तोंडात वारंवार छाले, कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड, दातांच्या एनॅमलवर खड्डे, विशीत-तिशीतच कमी झालेली हाडांची घनता. काहींना तर जुलाबाऐवजी बद्धकोष्ठच असतं. टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार असलेल्यांत सिलिॲक जास्त आढळतो. उत्तर भारतातल्या पाहणीत साधारण शंभरात एकाला तो सापडला आहे. दक्षिणेकडे प्रमाण बरंच कमी आहे. आपण मधे आहोत, आणि ‘हा पंजाब्यांचा आजार’ असं समजून इथे अनेकांची तपासणीच होत नाही.

तपासणी सोपी आहे: रक्तातली टीटीजी-आयजीए, म्हणजे मघाच्या टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजवर उठलेल्या आयजीए प्रकारच्या अँटिबॉडीची, आणि सोबत एकूण आयजीए. दुसरी यासाठी, की काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी तयार होतं. मग पहिली चाचणी खोटीच ‘निगेटिव्ह’ येते. पहिली वाढलेली आली तर तोंडावाटे दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले बारीक तुकडे काढून तपासतात. मुलांमध्ये टीटीजी सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल, तर पुढची एक रक्तचाचणी करून कधी कधी दुर्बीण टाळताही येते. तो निर्णय पोटाच्या डॉक्टरांचा.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नका. नाशिकात सध्या ‘गहू सोडा, वजन घटवा’ची हवा आहे आणि अनेकजण संशय आला की आधी पोळी सोडतात, दोन महिन्यांनी बरं वाटलं की मग लॅबमध्ये जातात. तोवर अँटिबॉडी उतरलेल्या असतात, आतडं थोडं भरून आलेलं असतं आणि अहवाल कोरा येतो. मग नक्की काय ते कळण्यासाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो, आणि तो त्रास पहिल्यापेक्षा वाईट वाटतो. जन्मभराचं पथ्य अंदाजावर घेऊ नये.

खरा शत्रू: कोरडं पीठ

निदान झाल्यावर पहिला आठवडा सगळं लक्ष ‘काय खायचं नाही’ यावर असतं. पोळी, पाव, बिस्किटं, केक, नूडल्स, समोसा हे कळायला वेळ लागत नाही. मग लोक गव्हाची सोंगं विसरतात: रवा, मैदा, दलिया, शेवया, लापशी, कुरडई हे सगळं गहूच. ‘मैदा नाही हो, रव्याचं आहे’ असं मला फार प्रेमाने सांगितलं गेलंय. कुरडईसाठी चीक काढताना ग्लुटेन बरंचसं चोथ्यात जातं हे खरं, पण सगळं जात नाही. खपली गहू तर सध्या मधुमेहापासून सगळ्यावर चालतो म्हणून विकला जातो. सिलिॲकला तो अजिबात चालत नाही, त्यात ग्लुटेन आहे. देशी, सेंद्रिय, बन्सी, जुना, नवा, गहू तो गहूच. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने काढलेल्या वाणांना त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती अशी नावं आहेत. पहिली दोन तर आपल्या गावचीच. पण आमच्या घरात त्यांना प्रवेश नाही.

मात्र पोळी ताटातून काढणं सोपं आहे. पीठ हवेतून काढणं अवघड. कणीक चाळताना उन्हाच्या तिरीपेत बघा, म्हणजे कळेल ते कुठवर उडतं. ते ओट्यावर बसतं, उघड्या भाकरीच्या पिठात पडतं, मिठाच्या बरणीवर बसतं. त्यामुळे आम्ही बराच खल करून एकच नियम केला: कोरडी कणीक, मैदा, रवा घरात आणायचा नाही. बाकीच्यांनी गहू सोडलेला नाही. पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून तयार येतात, डब्यातून निघतात आणि वेगळ्या ताटात जातात. मोठ्या मुलाला पाव हवा असला तर पुडा येतो, त्याच्या कडेच्या टेबलावर संपतो. तयार पोळीचा चुरा पडतो पण तो उडत नाही, पुसता येतो. काही घरं पूर्ण गहू बंद करतात, काही दोन ओटे करतात. पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर मला तरी आमचा मधला रस्ता बरा वाटतो, कारण भावंडाचं जेवण तोडलं की घरात दुसरंच राजकारण सुरू होतं.

भांड्यांचंही थोडं बघावं लागतं. लाकडी पोळपाट-लाटणं, पिठाची चाळणी, खरखरीत झालेला नॉनस्टिक तवा, लाकडी उलथनं यांच्या फटींत, जाळीत पीठ राहतंच. ती नवी घेतली. स्टीलची परात, कुकर, कढई घासून धुतली की चालते. तळणाचं तेल मात्र वेगळंच हवं, पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाणा वडा तळला तर वड्याचा काय उपयोग? आणि तुपाची वाटी! पोळीला तूप लावलेला चमचा पुन्हा वाटीत गेला की त्याबरोबर पोळीचे कण गेले. आमच्याकडे तुपाच्या दोन वाट्या आहेत आणि लेकीच्या वाटीला लाल दोरा बांधलेला आहे.

गिरणीवर

शहरातल्या लोकांना हे लवकर लक्षात येत नाही, पण भाकरीच्या पिठात ग्लुटेन येण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे पिठाची गिरणी. ज्वारी शुद्ध असते, बाजरी शुद्ध असते, आणि दळून आलेलं पीठ नसतं. आमचे गिरणीवाले भाऊ चांगले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘साहेब, आधी मूठभर ज्वारी टाकून दगड साफ करून देतो, मग तुमचं दळण.’ वर्षानुवर्षं सगळे असंच करतात. तांदळाच्या पिठात कणकेचा रंग येऊ नये एवढ्यापुरतं ते पुरतंही. पण मी तिथे उभा राहून बघितलं: दगडांच्या खाचेत पीठ, पीठ उतरतं त्या कापडी बोळाच्या आत बोटभर थर, आणि गिरणीच्या भिंती, वजनकाटा, भाऊंच्या भुवया, सगळं पांढरं. मूठभर ज्वारीने हे जाणार नाही. गव्हाची चक्की आणि ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी असलेल्या गिरण्याही असतात; पण दोन्ही एकाच खोलीत असल्या तर फारसा फरक पडत नाही.

उपाय दोनच. नवी घरघंटी, जिच्यात गव्हाचा दाणा कधी गेलेला नाही. किंवा ग्लुटेन-फ्री शिक्क्याचं पीठ. जुनी घरघंटी धुऊन-पुसून चालेल, असं समजू नका. तिचे आतले कप्पे पूर्ण साफ होत नाहीत. दळायच्या आधी धान्य निवडणं हे जुन्या काळचं काम पुन्हा करायचं. रविवार कारंज्यावरून आणलेल्या सुट्या ज्वारीत गव्हाचे दाणे सहज निघतात, कारण पोती शेजारी-शेजारी आणि माप एकच. निवडायचं, धुवायचं, कडक वाळवायचं, मग दळायचं. सुट्या बेसनाचंही तेच, म्हणून डाळ आणून घरीच दळलेली बरी.

लपलेला गहू

हिंगापासून सुरुवात करा. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग हा शुद्ध राळ नसतो. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. डबीवरचा घटकांचा बारीक मजकूर वाचा. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. वरण, आमटी, कढी, लोणचं, पापड, चिवडा, हिंग कुठे नसतो?

मेतकुटात गहू घालायची रीत आहे. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू असतोच. चकलीच्या भाजणीत काही ठिकाणी असतो, काही ठिकाणी नसतो, विचारावं लागतं. चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसमध्ये गहू. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीत आणि बऱ्याच कॉर्नफ्लेक्समध्ये माल्ट, म्हणजे बार्ली. बिअर बार्लीचीच. आपल्या नाशिकची वाईन द्राक्षांची, त्यामुळे सिलिॲक असलेल्या मोठ्या माणसाला ती चालते. हे सांगितल्यावर आमच्या एका मित्राच्या चेहऱ्यावर आलेलं तेज अहवाल बघूनही आलं नव्हतं. ओट्सचं प्रकरण थोडं गुंतागुंतीचं आहे. शुद्ध ओट्स बहुतेकांना चालतात, पण ते शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हात मिसळतात. शिक्का असलेलेच घ्यावेत, आणि तेही तब्येत स्थिरावल्यावर, डॉक्टरांना विचारून. औषधाच्या गोळीत भरीला स्टार्च असतो; तो कशाचा, हे औषधवाल्याला एकदा विचारावं.

पुड्यावर ॲलर्जीची ओळ असते, तिथे ‘व्हीट’, ‘बार्ली’, ‘ग्लुटेन’ शोधा. तो पुडा ओळखीचा असला तरी दर वेळी वाचा, घटक बदलतात.

मग खायचं काय?

नाशिककराने ग्लुटेन-फ्री ब्रेडच्या महागड्या पुड्यासाठी जीव टाकावा, याचं मला नवल वाटतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातली नागली आणि वरई, घोटी-इगतपुरीचा इंद्रायणी, सिन्नर-येवल्याकडची बाजरी, मका, ज्वारी, हे सगळं जिल्ह्यातलंच. आणि ग्लुटेनशिवाय पीठ कसं बांधायचं, याचं तंत्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ज्वारी जुनी झाली की तिच्या भाकरीला चिरा जातात. म्हणून आपण उकळतं पाणी घालून उकड काढतो. गरम पाण्याने स्टार्च फुलून चिकट होतो आणि ग्लुटेनचं काम करतो. उकडीच्या मोदकाची पारी तशीच जमते. लाटायच्या ऐवजी थापायचं, हेही त्यातलंच शहाणपण. मऊ फुलक्याचा हट्टच असेल तर पिठात थोडा इसबगोल घाला, लाटता येतो.

नागलीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि हाडं अशक्त झालेल्या मुलाला तेच हवं असतं. सकाळी नागलीची आंबील, डब्यात नागलीची भाकरी किंवा धिरडं. पाकिटातली ग्लुटेन-फ्री बिस्किटं सणासुदीला ठीक. त्यांत साखर-तूप जास्त आणि तंतू कमी. सुरुवातीला काही महिने दूधही बाधू शकतं, कारण दुधातली साखर पचवणारं एन्झाइम व्हिलायच्या टोकांवरच असतं. टोकं परत आली की दूधही परत येतं.

उपासाचं ताट तर सिलिॲकवाल्यांसाठीच मांडल्यासारखं आहे: भगर, दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, शिंगाड्याचं पीठ. प्रवासात, पाहुण्यांकडे, ‘हिला उपासाचं चालेल’ एवढं म्हटलं की समोरच्याला लगेच कळतं. ग्लुटेन म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही. फक्त रोज साबुदाणा नको, त्यात पोषण जवळजवळ नाहीच.

राहिली मिसळ. रविवारी सकाळी मिसळ नाही म्हणजे नाशिककराच्या दृष्टीने फारच झालं. मटकी, रस्सा, कांदा, दही यांत ग्लुटेन नाही. पाव गेला. फरसाणात मैद्याची पापडी असू शकते, मसाल्यात हिंग, आणि वाढणाऱ्याचे हात पावाचे. म्हणून हॉटेलातली नाही. घरी काळ्या मसाल्याची करायची, वर घरचा पोह्यांचा चिवडा घालायचा आणि भाकरी कुस्करायची. आमच्या मुलाने आता पाव मागणं सोडलंय, भाकरीबरोबर रस्सा जास्त लागतो म्हणतो.

सण, प्रसाद, शाळा

संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी पूर्ण सुरक्षित: बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि लेकुरवाळी भाजी. तिळगूळ, अनारसे, बेसनाचे लाडू, उकडीचे मोदक चालतात. शंकरपाळी, करंजी, रव्याचे लाडू, तळणीचे मोदक नाही. होळीला लेक पुरण वाटीत घेऊन तूप घालून खाते, पोळीकडे बघतही नाही.

प्रसादाचं मात्र अवघड. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. माझी आई म्हणाली होती, ‘अरे, देवाचा प्रसाद आहे, त्याने कधी कुणाचं वाईट झालंय का?’ तिच्याशी आतड्याच्या गोष्टी करून काही उपयोग झाला नसता. आम्ही एवढंच ठरवलं, की लेक प्रसाद हातात घेईल, कपाळाला लावेल आणि दादाच्या हातावर ठेवेल. मग हात धुऊन पंचामृत आणि केळं घेईल. आता आईच पूजेआधी यजमानीणबाईंना फोन करून सांगते, ‘आमच्या पोरीसाठी एक फळ बाजूला ठेवा हो.’

शाळेत बाईंना एकच कागद द्या: काय चालत नाही, डबा कोणाशी वाटायचा नाही, कुणाच्या वाढदिवसाला केक आला तर तिच्यासाठी कपाटात ठेवलेल्या डब्यातली चिक्की द्यायची. यादी लांबवली तर कोणी वाचत नाही. आणि मुलासमोर ‘बिचारी, काही खाता येत नाही’ हे कोणी बोललं, तर तिथल्या तिथे विषय बदला. मूल ते ऐकतं आणि मनात धरून बसतं. चौदा-पंधराव्या वर्षी मित्रांबरोबर गुपचूप वडापाव खाणारी मुलं असतात. टीटीजीच्या अहवालात ते दिसतं. तेव्हा ओरडण्यापेक्षा त्या कट्ट्यावर त्याला काय खाता येईल, ते शोधणं जास्त कामाचं.

पथ्य सुरू झाल्यावर पोटाच्या तक्रारी काही आठवड्यांत कमी होतात, टीटीजी खाली यायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. मुलांचं आतडं लवकर भरतं, मोठ्यांचं दोन-दोन वर्षं घेतं. सहा महिन्यांनी आणि पुढे दर वर्षी टीटीजी, हिमोग्लोबिन, लोह, बी १२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड बघतात; मुलांची उंची-वजनाची नोंद ठेवतात. टीटीजी उतरतच नसेल, तर बहुतेक वेळा कुठून तरी गहू येतोय असा त्याचा अर्थ. शोध हिंगाच्या डबीपासून आणि गिरणीपासून घ्यायचा.

आणि घरातल्या बाकीच्यांची तपासणी. सिलिॲक असलेल्याच्या सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात, शंभरात सात-आठ जणांना तो सापडतो, त्रास काही नसला तरी. एकदा निगेटिव्ह आलं म्हणजे कायमचं सुटलो असं नाही. हा आजार कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो. जनुकीय तपासणीत डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नाहीत असं निघालं, तर मात्र पुढच्या चाचण्यांची सहसा गरज राहत नाही. आमच्या मुलाची पहिली चाचणी निगेटिव्ह आहे, पुढची दहावीची परीक्षा झाल्यावर करायची आहे. तोवर तो पोळी खातोय, आणि चाचणीसाठी त्याने ती खाणं गरजेचंही आहे.